उलटी रेघ

माझा मित्र कुसाकाबे याला तलवार घ्यायची होती, आणि जुन्या तलवारी पारखणं हा माझा धंदा. ओकायामातल्या दुकानात त्याने मला ओढूनच नेलं. म्हणाला, "पैसे माझे, डोळे तुझे." माझी बायको मित्सुए जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. घरी बसून मी तरी काय करणार होतो?

दुकानदार शिमोमुरांनी तलवार पुढे ठेवली. मी वाकून नमस्कार केला आणि पातं उपसलं. उघड्या पात्यावर बोलायचं नसतं, थुंकी उडाली की डाग पडतो. धार, बाक, टोक पाहिलं. उत्तम होतं. मग शिमोमुरांनी बांबूची खुंटी काढून मूठ उतरवली. मुठीच्या आतलं लोखंड कधी घासत नाहीत, तिथल्या गंजावरून वय कळतं. लोहाराची सहीही तिथेच असते. ती बघताना माझा हात थांबला. शेवटच्या अक्षराची तिरकी रेघ खालून वर खोदलेली होती; हा लोहार ती वरून खाली खोदतो असं आम्ही मानत आलो होतो.

मित्सुएला वडिलांमागे मिळालेल्या तलवारीवर हीच सही होती. रेघ उलटी, म्हणजे सही खोटी, असं मी ठरवून टाकलं होतं. खोट्या सहीच्या तलवारीला प्रमाणपत्र मिळत नाही, म्हणून अशी सही आम्ही कानशीने काढून टाकतो. मित्सुए म्हणाली होती, "अहो, रेघेतला गंज तरी बघा. बाबा आधी तोच बघायचे."

"तुझे बाबा तांदूळ विकायचे. तलवारीतलं मला शिकवू नकोस."

"बरं. तुम्हाला कळतं."

दुसऱ्याच दिवशी मी सही घासून काढवली.

या वेळी मी भिंग लावून गंज बघितला. सही नंतर कुणी खोदली असेल तर रेघेतला गंज आजूबाजूच्यापेक्षा नवा दिसतो. इथे रेघेच्या तळापर्यंत तो सगळीकडच्यासारखाच जुना आणि काळा होता. मी तलवार कापडावर ठेवली.

"काय रे?" कुसाकाबे म्हणाला. "ही तर तुझ्या घरच्या तलवारीची बहीण दिसते. ती खोटी, तर हीपण खोटीच की! चल, उडॉन खाऊ."

नुसतं 'हो' म्हणालो असतो तरी भागलं असतं. कुणाला काही कळलं नसतं.

"ही खरी आहे," मी म्हणालो.

"मग ती?"

"तीही खरीच असणार. मी रेघ पाहिली, गंज पाहिलाच नाही."

कुसाकाबेचं हसू गेलं. "वहिनींना माहीत होतं?"

"तिने सांगितलं होतं मला."

शिमोमुरांनी मान खाली घातली. घासलेली सही परत आणता येत नाही, हे त्यांनी मला सांगायची गरज नव्हती.

कुसाकाबेने तलवार घेतली. मी घरी येऊन मित्सुएच्या फोटोपुढे बसलो. "तुझे बाबा बरोबर होते," म्हणालो. तिची सही घासून काढवली त्याला सव्वीस वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत, बाबा आणखी काय काय बघायचे, हे मी तिला एकदाही विचारलं नाही.