वरून दिसणारं गाव

मिस्त्रींनी चाळीस वर्षं जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळली होती. गावातला कुठला पंखा कधी जळाला हे त्यांना तोंडपाठ. त्यामुळे ड्रोन जोडायला घेतलं तेव्हा सोबत आलेली पुस्तिका त्यांनी उघडलीसुद्धा नाही. "चार छोटे पंखे आणि एक चौकट. त्यात काय एवढं?" म्हणून ती डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली. टेबल मात्र छान स्थिर झालं.

ड्रोन हवं होतं बायकोसाठी. ती नगरपालिकेत नकाशे काढायची; कचेरीत सगळे तिला नकाशेबाईच म्हणत. तीस वर्षं तिनं गावातली गल्ली न् गल्ली वरून काढली, वरून पाहिली मात्र एकदाही नाही. आता तिची नजर कडेकडून आत मिटत चालली होती. डॉक्टर म्हणाले, सहा महिने, फार तर सात. औषध नाही. घरी आल्यावर ती म्हणाली, "अहो, मला एकदा गाव वरून बघायचंय. तयार फोटो नको. आत्ताचं, माणसं चालताना."

"दाखवतो," मिस्त्री म्हणाले. तिनं कधी काही मागितलंच नव्हतं, आणि आता मागितलं ते असं.

सामान भाचीनं पाठवलं, दूरच्या शहरातून. आठ दिवसांनी तिचा फोन आला. "मामा, पाती बसवली?"

"कशी बसवणार? चारातली दोन उलट्या पिळाची निघाली. दिली परत पाठवून बदलायला."

भाचीनं सुस्कारा सोडला. "अहो मामा, ती तशीच असतात! शेजारशेजारचे पंखे उलटसुलट फिरतात, नाहीतर ड्रोन स्वतःभोवतीच गरगरेल. पुस्तिका वाचली नाहीत ना?"

"मला मोटारी शिकवतेस?" मिस्त्री गुरगुरले, पण कानशिलं तापली होती. तीच पाती परत यायला महिना गेला. त्या महिन्यात नकाशेबाईंनी पेपर वाचणं सोडलं.

मग बॅटरीपाशी घोडं अडलं. मिस्त्रींचा जन्म घरातल्या विजेवर गेलेला. पंख्याच्या दोन तारा अदलाबदल झाल्या तरी पंखा फिरतोच. बॅटरीची लाल-काळी त्यांनी त्याच बेफिकिरीनं जोडली. टच्च आवाज, धुराची बारीक रेघ, आणि ड्रोनचा मेंदू म्हणावा तो बोर्ड खलास. नवा यायला दहा आठवडे लागले. तोवर ती नळ हातानं चाचपून शोधू लागली होती.

बोर्ड आला तेव्हाही मिस्त्रींना वाचायला वेळ नव्हता. घाईच इतकी होती. मोटारी तपासताना पाती काढून ठेवायची, हे पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर लाल अक्षरांत छापलेलं होतं. ड्रोन टेबलावरून उसळलं, खिडकीचा पडदा फाडला आणि मिस्त्रींचा अंगठाही. फडकं बांधायला ती धावली आणि अंगठ्याऐवजी तिनं त्यांचं कोपर धरलं. मिस्त्रींनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. दवाखान्यात पाच टाके पडले. वर तीन आठवडे हातात काही धरायचं नाही, अशी ताकीद.

तेव्हा कुठे त्यांनी पुस्तिका टेबलाखालून ओढून काढली. टेबल पुन्हा डुगडुगायला लागलं. पान न् पान वाचलं. शेवटचं तेवढं टेबलाच्या पायानं चुरगळून फाटलं होतं. शेवटी काय असणार, दुकानाचा पत्ता, असं म्हणून सोडून दिलं.

सहावा महिना संपता संपता, एका स्वच्छ सकाळी, त्यांनी तिला हाताला धरून गच्चीवर नेलं, खुर्चीत बसवलं आणि मांडीवर ड्रोनचं चित्र दाखवणारा छोटा पडदा ठेवला. ड्रोन उठलं. गरगरलं नाही, कलंडलं नाही, सरळ वर गेलं. मिस्त्रींचा ऊर भरून आला. मान वर करून, नजर ठिपक्याएवढ्या ड्रोनवर खिळवून त्यांनी विचारलं, "दिसतंय?"

"अगंबाई! दिसतंय की!" ती पडद्यावर वाकली. "हा बाजाराचा चौक. ही शाळेची गल्ली, शेवटी वळते ती. माणसं बघा, मुंग्यांएवढी! आणि तलाव, किती निळाशार."

तलाव बुजवून अकरा वर्षं झाली होती. तिच्या नकाशात तेवढा तो होता.

त्यांनी ड्रोन खाली घेतलं, तिच्या पायांशी उतरवलं आणि वाकून पाहिलं. कॅमेऱ्याच्या भिंगावर काळं रबरी टोपण तसंच बसलेलं होतं. तिच्या मांडीवरचा पडदा काळाकुट्ट होता, सुरुवातीपासून. सहा महिने तिच्याजवळ होते, आणि ते सगळे आपण खाल्ले, हे त्यांना तिथे गुडघ्यावर बसल्या बसल्या कळलं. इतकं कळलं की उठवेना.

टाके घातलेल्या अंगठ्यानं त्यांनी टोपण काढलं. पडदा उजळला. त्यावर तिचाच चेहरा आला, जवळून, मोठा, हसरा. ती त्या पडद्याकडेच तोंड करून बसली होती.

"अहो, थांबवू नका ना," ती म्हणाली. "आत्ता कुठे आपली गल्ली आली होती."

"नाही थांबवत," मिस्त्री म्हणाले. "सांग, काय काय दिसतंय?"