तिरकी मूठ

मी एक जुना बॅटरी-स्विच आहे, मित्रांनो. तळहाताएवढं गोल अंग आणि त्यावर एक लाल मूठ. मूठ फिरवायला अक्कल लागत नाही, असं मला बनवणाऱ्यांना वाटलं होतं. ते माणसांना ओळखत नव्हते.

माझी पहिली बोट मोडीत निघाली. तिथून मला एका निवृत्त चित्रकला शिक्षकाने उचललं. या सरांची बोट माझ्याहूनही म्हातारी आणि तिच्यात बॅटरी एकच. इंजिन सुरू करायचं तिच्यावर, दिवे, पंखा, रेडिओ आणि छोटा फ्रिजही तिच्यावरच. एकदा नांगर टाकून सगळी चैन चालली आणि निघायच्या वेळी इंजिनाने हूं की चूं केलं नाही. नांगर उचलून झालेला. बोट पाण्याच्या ओढीबरोबर पुलाच्या खांबांकडे निघाली. कुणीतरी दोर फेकला म्हणून वाचले.

सरांची बायको आयुष्यभर नर्स होती, सहजी घाबरणारी नव्हे. ती धक्क्यावर उतरून म्हणाली, "अहो, पुन्हा असं झालं, तर मी या बोटीत पाय ठेवणार नाही. आत्ताच सांगून ठेवते."

बाईंची रात्रपाळी आणि सरांची सकाळची शाळा, यात दोघं एका घरात पाहुण्यांसारखी राहिली होती. राहिलेले दिवस तिच्याबरोबर घालवायचे, म्हणून तर बोट घेतली होती.

मग दुसरी बॅटरी आली, आणि तिच्या पाठोपाठ मेहुणा. हा गृहस्थ फोनवर दोन व्हिडिओ बघतो आणि लगेच जगाला शिकवायला निघतो. नवी बॅटरी पेटीत घालून पट्ट्याने आवळली, जाड वायरी ओढल्या आणि मला सुकाणूच्या बाजूला फळीवर ठोकलं. एवढ्यासाठी चार वेळा चहा झाला. जुनी बॅटरी मख्खासारखी बघत होती आणि नवी फुशारकी मारत होती. शेजार असा मिळाला.

माझं काम सोपं होतं. मूठ खाली, सगळं बंद. डावीकडे इंजिनाची बॅटरी, उजवीकडे दिव्यांची. सरळ वर केली की दोन्ही एकत्र. इंजिन चालू असताना दोन्ही भरून घ्यायच्या, तेव्हा वर. नांगर टाकला की उजवीकडे, म्हणजे पंखा-फ्रिज नवीला खातील आणि इंजिनाची शाबूत राहील. शेंबड्या पोरालाही समजेल.

सरांना समजलंही. पण त्यांना माझ्याभोवती अक्षरं रंगवायची हौस आली. पिवळ्या रंगात सुबक "बंद", "इंजिन", "दिवे", आणि वर "दोन्ही". त्यावर एक वेलबुट्टीसुद्धा. मेहुणा म्हणाला, "भाऊजी, प्रदर्शनात ठेवा!" मी काय केकवरची चेरी होतो?

"मी फिरवू का जरा?" बाईंनी विचारलं.

"तू हात लावू नकोस. तुला नाही कळायचं त्यातलं."

जिने शेकडो रोग्यांना जोडलेली यंत्रं सांभाळली, तिला मूठ कळणार नव्हती! बाईंनी हात मागे घेतला.

पहिल्या सफरीला नांगर पडला. सरांनी मला नियमाप्रमाणे उजवीकडे केलं. मला वाटलं, चला, या माणसाचं काहीतरी होईल. मग ते पाण्याचा ग्लास घेऊन माझ्यासमोरून गेले, थांबले, डोकं एका बाजूला कलतं केलं. भिंतीवरची वाकडी तसबीर त्यांना कधी सहन झाली नव्हती. उजवीकडे तिरकी पडलेली लाल मूठ वेलबुट्टीखाली त्यांच्या डोळ्यांना खुपली. दोन बोटांनी त्यांनी मला सरळ केलं. अगदी वर, "दोन्ही"वर. आणि समाधानाने जेवायला बसले.

बाई समोरच बसल्या होत्या. त्यांनी पाहिलं. तोंड उघडलं आणि मिटलं.

पंखा, फ्रिज आणि मेहुण्याची गाणी यांनी मिळून दुपारभर दोन्ही बॅटऱ्या चाटूनपुसून रिकाम्या केल्या. निघताना सरांनी मला डावीकडे फिरवलं. इंजिन कण्हलं आणि गप्प झालं. उजवीकडे. तेही नाही.

"स्विचच भंगार," मेहुणा म्हणाला. "मी म्हटलंच होतं, नवा घ्या."

सरांचा चेहरा उतरला होता. ते बायकोकडे वळले. "तूच हात लावला असशील."

बाई शांतपणे म्हणाल्या, "मी नाही लावला. तुम्ही लावलात, जेवणाआधी. मी बघत होते."

"मग बोलली का नाहीस?"

"मला त्यातलं कळत नाही ना."

एका मच्छीमाराने ओढून किनाऱ्याला आणलं. बाई उतरल्या. त्या मागे वळल्या नाहीत आणि पुन्हा आल्याही नाहीत. इंजिन बंद पडलं म्हणून नव्हे, मित्रांनो. इंजिनाला त्यांनी कदाचित माफ केलं असतं.

हल्ली सर एकटेच येतात. नांगर टाकतात, मला उजवीकडे फिरवतात आणि ग्लास घेऊन समोर बसतात. बोटं शिवशिवतात, पण हात मांडीखाली दाबून ठेवतात. इंजिन दर वेळी एका झटक्यात सुरू होतं. वा, काय पराक्रम! एकदा तर मी ऐकलं, ते रिकाम्या बाकाकडे बघून म्हणत होते, "बघ गं, तिरकीच ठेवलीये."

म्हणून सांगतो, मित्रांनो. आमच्यासारख्या स्विचांना नटवू नका, आमच्यावर खापर फोडू नका, आणि मूठ जिथे असायला हवी तिथेच असू द्या, वाकडी दिसली तरी. ते जमत नसेल, तर निदान शेजारी बसलेल्या माणसाला बोलू द्या. बॅटरी काय, रात्रभरात पुन्हा भरते.