हात खाली

सिदूला ठोसा मारायला शिकावं लागलं ते येडूच्या खोकल्यापायी. दोघंही सांगोल्याकडच्या धनगरवाडीतले. सिदूची आई तो रांगत असतानाच गेली, तेव्हा येडूच्या आईनं, केराबाईनं, त्याला आपल्या पोराच्याच ताटात वाढवला. पुढं दोघं सोलापुरात एकाच गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात लागले आणि वर्षाच्या आत कापसाचा भुगा येडूच्या छातीत जाऊन बसला.

गिरणीच्या गोऱ्या साहेबाला मुष्टियुद्धाचं भारी वेड. दारावर पहाऱ्याला दोन गडी पाहिजेत, आणि तेही आपल्यासमोर नीट ठोसेबाजी करून दाखवणारे, असा त्याचा हुकूम सुटला. राजे लोकांची हौस म्हणतात ती ही! पण दारावर म्हणजे मोकळी हवा. सिदूनं तिथल्या तिथं ठरवून टाकलं, ह्या दोन्ही जागा आपल्याच.

शुक्रवार पेठेतल्या तालमीमागं फरसबंद अंगण होतं. तिथं शिवलिंगप्पा शिकवायचा. पलटणीतून परतलेला हा अक्कलकोटकडचा हवालदार बोलायला तिखट आणि मनानं लोणी. चामड्याचे हातमोजे कुठले असायला? गिरणीतल्या टाकाऊ कापडाच्या पट्ट्या मुठींना गुंडाळायच्या आणि उभं राहायचं.

"डावा पाय फुडं. उजवी टाच जरा उचल. गुडगं सैल. हनवटी छातीकडं, मुठी गालापाशी, कोपरं बरगडीला. अंगठा मुठीच्या भाईर ठेव, तम्मा, न्हायतर मोडंल." धाकट्या भावाला म्हणावं तसं तो दोघांनाही कानडीत तम्मा म्हणायचा.

ठोसा हातानं मारायचाच नसतो, हे ऐकून दोघंही हसले. मागचा पाय जमीन रेटतो, कंबर वळते, खांदा पुढं जातो. हात नुसता निरोप पोचवतो आणि आल्या वाटेनं परत गालाशी येतो. सिदूला ते लवकर जमलं. येडूचं मात्र घोडं एकाच जागी अडलं.

त्यांच्या वाडीच्या तालमीत एक रीत होती. कुस्तीत दम लागला की गड्यानं वाकून मातीला हात लावायचा. हात लागला की समोरच्यानं पकड सोडायची. कितीही वैर असो, मातीला हात लावलेल्या गड्याला कुणी बोट लावत नसे. येडूला खोकल्याची उबळ आली की त्याचा उजवा हात आपोआप खाली जायचा. अंगणात माती नव्हती, तरी जायचा.

"साहेबाला तुजी माती काय कळणार?" शिवलिंगप्पा ओरडायचा. मग सिदूला म्हणायचा, "हात खाली गेला की गालावर हळू टपली दे. आपसूक सुटंल."

सिदू टपल्या द्यायचा. येडू लाजून हसायचा, "इसरलो की रं!" आणि पुन्हा तेच. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ते काय उगीच?

साहेबापुढं उभं राहायच्या आदल्या दिवशी दोघं शेवटचा सराव करत होते. येडू त्या दिवशी सुरेख खेळला. सिदूला वाटलं, जमलं, आता आपला येडू वाचला. आणि नेमकी तेव्हाच उबळ आली. येडू वाकला, हात खाली गेला. सिदूच्या डोक्यात तिडीक उठली. उद्या हा असंच करणार आणि त्या भुग्यातच मरणार! टपली द्यायची होती. पण मागच्या पायानं जमीन रेटली, कंबर वळली, खांदा गेला. इतका सरळ ठोसा त्यानं आजवर मारला नव्हता.

तो कानशिलावर बसला. येडू फरशीवर आडवा झाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उठला नाही. शिवलिंगप्पा उशाशी बसून रडला. सिदूला रडूही आलं नाही.

येडूचा जीव वाचला, पण माणूस गेला. नजर कुठंतरी लागलेली, जीभ जड, हाताला कंप. सिदूनं त्याला बैलगाडीत निजवून वाडीला पोचवलं. काय घडलं ते सगळं त्यानं केराबाईला सांगितलं, एक अक्षर लपवलं नाही. ती ऐकून घेऊन म्हणाली, "मुद्दाम मारलंस व्हय? न्हाय न्हवं? मग गप." साहेबानं दारावर दुसरेच दोघं ठेवले. सिदू कापसात परतला.

दिवाळी झाल्यावर तो गुळाची ढेप घेऊन वाडीला गेला. केराबाई अंगणात येडूला भाकर कुस्करून भरवत होती. येडू अंगानं भरला होता, खोकलाही गेला होता. सिदूला पोटातून हसू फुटलं. "येड्या!" म्हणत तो पुढं झाला.

येडूनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तो आईच्या पदरात शिरला. तोंडातला घास खाली पडला. सिदू मागं सरून खाली बसला. दूर बसला, गप्प बसला, तरी येडूचे हात काही खाली येईनात.

केराबाई बराच वेळ येडूच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग सिदूकडं न बघता म्हणाली, "कुत्र्याला भीत न्हाय, लांडग्याला भीत न्हाय. तुजं नाव काडलं तरी असंच करतंय बग."

"आई, म्या..."

"तू बी माजाच ल्योक हाईस, सिदू. पर तू हितं असलास तर त्यो खायाचा न्हाय. आन् त्याला खाऊ घालाया माज्याबिगर दुसरं कोण हाय?"

सिदूनं गूळ उंबऱ्यावर ठेवला आणि उठला. एवढ्या वर्षांत ती पहिल्यांदाच त्याला जेवून जा म्हणाली नाही.