बायाआजीचा घास

मी एक जुना जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा तांब्या आहे, मित्रांनो. बाया लग्न होऊन तिकोणा पेठेच्या वरच्या वाडीत आली, तेव्हा तिच्या वडिलांनी मला कामशेतच्या बाजारातून घेऊन तिच्याबरोबर धाडलं. तेव्हा मी चांदीसारखा चकाकत होतो. आता अंगभर पोचे आहेत.

घर एका खोलीचं. बाया, लेक उमेश, सून मंगल आणि नात करिष्मा एकमेकांना खेटून निजत. पाणी झऱ्याचं, आणि त्याच झऱ्यात गुरंही उतरत. ते न उकळताच माझ्यात भरलं जाई. तहान लागली की जो तो मलाच तोंड लावी. मला त्याचं भूषण वाटे.

उमेश आणि मंगल धरणाकाठच्या बंगल्यांवर कामाला जात. करिष्मा आजीपाशी असे. बाया भाकरीचा घास आधी स्वतः चावून मऊ करी आणि मग नातीला भरवी. बायाच्या आईनं तिलाही असंच वाढवलं होतं.

करिष्मा शाळेत जाऊ लागली आणि तिचं पोट दुखायला लागलं. ओवा झाला, शेक झाला, उतारा झाला. पोर वाळत गेली, पांढरीफटक पडली. एकदा शाळेत प्रार्थनेलाच भोवळ येऊन पडली. बायानं तिला दवाखान्यात नेलं, तेव्हा पाण्यासाठी मीही पिशवीत होतो.

तिथल्या डॉक्टर अनघाताईंनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, की हिच्या जठरात जंतूंनी घर केलंय. हे जंतू बहुतेक लहानपणीच शिरतात. घाण पाण्यातून, एकमेकांच्या उष्ट्यातून, दाटीनं राहणाऱ्या घरात ते सहज पसरतात. मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाचं पोट दुखतं का?

 बायाच्या पोटात कित्येक वर्षं आग पडत होती. चिमूटभर सोडा खाऊन ती कामाला लागे. घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

"ताई, म्या चावलेला घास खायाची ही," ती हळूच म्हणाली. "मंजी माज्यातूनच गेलं व्हय?"

"गेलं असेल, आजी. पण तुम्ही मायेनंच भरवत होता, त्यात तुमचा दोष नाही. आता तुम्हीही तपासून घ्या."

"भाताची कापणी उरकली की येते," बाया म्हणाली.

त्या दिवसापासून तिनं नातीला भरवलं नाही. पाणी उकळू लागलं. प्रत्येकाला वेगळा पेला आला, मला कुणी तोंड लावीना. करिष्माचं औषध बाया न चुकता देई. स्वतःसाठी मात्र तिनं सोड्याची पुडीच आणली.

कापणी अर्ध्यावर असताना बायाला रक्ताची उलटी झाली. उमेशनं तिला पाठीवर घेतलं. मंगल मला भरून मागोमाग धावली. डांबरी सडक दिसू लागली तिथंच बायाची मान उमेशच्या खांद्यावर कलंडली. त्याच जंतूंनी पोटात केलेली जखम फार जुनी होती, असं नंतर डॉक्टर म्हणाल्या.

करिष्मा बरी झाली. गालांवर रंग आला. आता ती आपल्या हातानं जेवते, पण पहिला घास घेण्याआधी आजीची वाट पाहावी तशी दाराकडे बघते.

मित्रांनो, पाणी उकळून प्या, हात धुवा, आपला पेला वेगळा ठेवा. आणि जे तुम्हाला आधी जेवू घालतात, त्यांनाही कधी जवळ बसून विचारा, की तुझं पोट दुखतं का गं? बायाला ते घरात कुणीच विचारलं नव्हतं.