कुजवणं विसरलेली माती

मी माती बोलतेय. शेतातली नव्हे, डोंगरावरचीही नव्हे. एका बैठ्या घराच्या मागे, न्हाणीघर आणि शेजारची पत्र्याची शेड यांच्या मधे चार खाटा मावतील एवढी जागा आहे, तीच मी. पायाला लागले की लोक मला उंबऱ्याशी झटकून टाकायचे. त्याचं कधी वाईट वाटलं नाही. माझ्या हाताला काम होतं.

काम कुजवायचं. हसू नका. गळलेली पानं, भाजीची देठं, मेलेले भुंगे, जे पडेल ते मी पोटात घ्यायचे आणि झाडांना परत द्यायचे. खरं तर मी नाही, माझ्या पोटातली वस्ती हे करायची. डोळ्यांना न दिसणारे जिवाणू, केसाहून बारीक बुरशीचे धागे. चिमटीत घेतलं तरी मोजता मोजता मती गुंग व्हावी एवढी गर्दी. पाणी शिंपडल्यावर माझा जो वास यायचा ना, तो त्यांच्याच संसाराचा.

घर एका नर्सबाईंचं. हॉस्पिटलातून निवृत्त झाल्या आणि त्यांनी आपला मोर्चा माझ्याकडे वळवला. टोमॅटो, वांगी, पालक. उकिडव्या बसून मला चिमटीत घ्यायच्या आणि म्हणायच्या, "काय गं, आज अगदीच सुकलीस?"

शेड त्यांच्या धाकट्या भावाची. नळांना, कड्याकोयंड्यांना तो चकचकीत मुलामा द्यायचा. माणूस कामाला चोख, बोलायला गोड. टाक्यांमधलं वापरलेलं निळसर-हिरवं पाणी न्यायला गाडी यायची. एकदा ती आलीच नाही. टाकी काठोकाठ भरली, तशी त्याने एक बादली माझ्यावर रिती केली. वरवर काहीच झालं नाही. मग पुढे त्याने गाडीला बोलावणंच सोडलं.

"अरे, काय ओततोयस?" बाईंनी विचारलं.

"धुण्याचं पाणी गं ताई. मातीच ती, पिऊन टाकते."

प्यायले. मला कुठे तोंड मिटता येतं?

त्या पाण्यात आम्ल होतं, तांबं होतं, निकेल होतं. गांडुळं शहाणी, कुंपणाखालून निघून गेली. वस्तीतले नाजूक जीव पटापट मेले. चिवट होते ते तगले, पण त्यांची सगळी ताकद जीव जगवण्यातच जायची. कामाला काही उरायची नाही. बाकीचे अंग आक्रसून निपचित पडले. त्यात उन्हाळे भाजून काढणारे. माझा वास गेला. टोमॅटोची पानं कडेने करपायला लागली. बाईंचेही गुडघे दुखायचे, त्यांनी लावणं सोडलं. झाडून काढताना मात्र पुटपुटायच्या, "ही तर गेल्या वर्षीचीच पानं दिसतायत. कुजत कशी नाहीत?"

भावाचा एक कुत्रा होता, ढब्बू. शेडच्या दारात आडवा पसरलेला असायचा. म्हातारा होऊन गेला. भाऊ लहान पोरासारखा रडला. बहिणीची जुनी सुती चादर मागून घेतली, त्यात त्याला गुंडाळलं आणि माझ्या पोटात ठेवलं. "इथेच राहू दे, डोळ्यांसमोर," म्हणाला.

मी जिवाचा आटापिटा केला. जमलं नाही.

दोन उन्हाळे गेले. न्हाणीघराचा पाइप तुंबला, म्हणून प्लंबरने खणायला घेतलं. कुदळीला कापड अडकलं. त्याने ओढलं आणि चार पावलं मागे सरला.

"अहो, हे कालपरवा पुरलंय का?"

चादरीचे निळे पट्टे जसेच्या तसे होते. वीण कुठे विरली नव्हती. आतला ढब्बूही ओळखू येत होता, कानांवरचे केससुद्धा. बाई खाली बसल्या. कापड बोटांत चोळून पाहिलं, मूठभर मला उचलून नाकाशी नेलं. उभा जन्म आजारी माणसांत गेलेला त्यांचा. त्या ओरडल्या नाहीत. भावाकडे न बघताच म्हणाल्या, "मढं कुजवायलाही इथे कोणी उरलेलं नाही रे."

त्या आठवड्यात पाणी ओतणं थांबलं. गाडी पुन्हा यायला लागली. पण धातू जळत नाही, कुजत नाही, उडून जात नाही. बाईंनी नर्सरीतून खताची पोती आणून माझ्यावर पसरली. खताबरोबर नवी वस्ती आली, थोडे दिवस खुडबुडली आणि गप्प झाली.

मग भावाची मुलगी तान्ह्याला घेऊन राहायला आली. वरचं काळंभोर खत पाहून तिने कोणाला न विचारता पालक पेरला. आणि तो उगवला! मी हिरवी झाले आणि जन्मात पहिल्यांदा त्या हिरवेपणाची मला धडकी भरली. ती बाळाला कडेवर घेऊन, हातात परडी धरून आली.

"थांब! तोडू नकोस," बाई घरातून धावत आल्या.

"का आत्या? बाळाला घालायचाय थोडा शिजवून."

"यात विष आहे. तुझ्या बापाला विचार."

"बाबा, काय म्हणतेय आत्या?"

भाऊ शेडच्या दारात उभा होता. बाईंनी दुखऱ्या गुडघ्यांवर बसून रोपन् रोप उपटलं, पिशवीत कोंबलं, गाठ मारली. तोवर तो पुढे आला, नातवाला त्याने स्वतःकडे घेतलं आणि माझ्यापासून लांब, पायऱ्यांवर जाऊन बसला. बाळाचे पाय जमिनीला लागू नयेत म्हणून त्याने ते तळहातात धरले होते.

आता माझ्यावर प्लास्टिक अंथरलंय, कडेने दगड ठेवलेत. फरशी घालायचं चाललंय. घाला. पण त्यावर एक पाटीही लावा. घर उद्या दुसऱ्या कोणाचं होईल, कोणी हौशी माणूस फरशी उचकटेल, मुठीत बी घेऊन येईल. त्याला आधीच सांगून ठेवा, हिच्यात काही पेरू नकोस. मातीने असलं मागणं मागू नये, कळतंय मला.