गरम बाजूला उभी राहणारी

हॉटेलच्या धुलाईघरात चादरीची घडी घालायला दोघी लागतात. रोलरच्या इस्त्रीतून चादर बाहेर आली की एकीनं रोलरजवळ उभं राहून तापलेली कड धरायची, दुसरीनं चार पावलं मागे सरून गार टोक; मग समोरासमोर येऊन टोकाला टोक. घडीबाई आणि खळबाई एकोणीस वर्षं हे काम जोडीनं करत होत्या. त्यातले शेवटचे अकरा महिने एकमेकींशी अवाक्षरही न बोलता.

घडीबाईची लेक नवऱ्याचं घर सोडून परत आली, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत खळबाई सगळ्यांदेखत म्हणाली होती, "लाडावून ठेवलीस, आता निस्तर." तिचं बोलणं कायमच खळ दिलेल्या कॉलरसारखं, मानेला काचणारं, नाव काही उगाच पडलं नव्हतं. घडीबाईनं डबा झाकला, तोंड मिटलं, ते मिटलंच.

आता देखरेखीची जागा रिकामी झाली होती. दिवसभर उभं राहून घडीबाईचे पाय सुजायचे, आणि त्या जागेला खुर्ची होती. पण मुलाखत इंग्रजीत. लेकीनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद मांडला आणि शिकवणी सुरू केली.

"कलीग म्हणजे?"

"बरोबर काम करणारी."

"अ‍ॅक्वेन्टन्स?"

"तोंडओळखीची. लिफ्टमध्ये भेटली तर हसायचं, जिन्यात भेटली तर दम लागलाय असं दाखवायचं."

लेक हसली. "फेल आउट?"

"बिनसलं."

"क्लोज फ्रेंड, बेस्ट फ्रेंड. अर्थ कळला की पुरे, तोंडातून मात्र काढायचे नाहीत. नियम आहे, आई. हाताखाली नातेवाईक किंवा जवळची मैत्रीण असेल तर ती जागा मिळत नाही. खळबाई कोण लागते विचारलं की म्हणायचं, कलीग. खोटंही नाही ते. तुम्ही बोलता तरी कुठे?"

"अ‍ॅक्वेन्टन्सच म्हणते की."

"म्हण. मला काही त्या बाईचा पुळका नाही."

मुलाखत चांगली चालली. डाग राहिला तर काय कराल, टॉवेल कमी पडले तर काय कराल. घडीबाईनं तोडकंमोडकं पण न अडखळता सांगितलं. मॅनेजरबाई मान डोलवत होत्या. मग फॉर्मवरचा तो रकाना आला. खळबाई तुमची कोण?

"कलीग," घडीबाई म्हणाली. मॅनेजरबाईंनी लिहिलं आणि रजिस्टर उघडलं.

"एक समजत नाही. जोडीनं दर तासाला बाजू बदलायची, असा नियम आहे. बाकीच्या बदलतात. तुमच्या जोडीत गरम बाजूला नेहमी तीच. नऊ वर्षं. का?"

हा प्रश्न कागदावर नव्हता. नऊ वर्षांपूर्वी वाफेनं घडीबाईचा उजवा तळवा भाजला होता. कामावर परतली त्या सकाळी खळबाई आधीच रोलरजवळ जाऊन उभी होती. का, कशासाठी, एक शब्द नाही. पुढे भांडण झालं, दुसऱ्या दिवशी घडीबाईला वाटलं, आज ही सरकणार. सरकली नाही. अकरा महिने तोंड फिरवून चटके खात राहिली.

"माय हँड बर्न," घडीबाई म्हणाली. "शी टेक हॉट साइड. नो टॉकिंग, स्टिल हॉट साइड."

"म्हणजे नियम मोडते ती. उद्या तुम्ही इथे बसलात तर तिची तक्रार लिहाल ना?"

घडीबाईनं खुर्चीकडे पाहिलं. गादीची होती, पाठीला टेकण होतं. मग तिनं फॉर्मवर बोट ठेवलं आणि सरळ आपल्या भाषेत आली. "बाई, ते कलीग खोडा."

मॅनेजरबाईंनी पेन खाली ठेवलं. त्याही घरी हीच भाषा बोलत. "खोडलं तर जागा जाईल. असू दे ना. शब्दच तर आहे."

"कलीग तर खाली बावीस आहेत. त्यांतली एक माझ्यासाठी साधी सुई टोचून घेणार नाही."

"मग काय लिहू?"

"बेस्ट फ्रेंड. आणि पुढे लिहा, फेल आउट. एकानं दुसरं खोडलं जात नाही."

"असं दोन्ही लिहिता येत नाही हो रकान्यात."

"रकाना लहान असेल. तो माझा दोष नाही."

जिना उतरेपर्यंत बातमी खाली पोचली होती. खळबाई कमरेवर हात ठेवून उभी. "घड्या घालता घालता अकलेचीही घडी घातलीस का गं? तुला विचारलं होतं कुणी, मी कोण लागते म्हणून?"

"विचारलं होतं. इंग्रजीत."

"आता बस उभी जन्मभर."

"बसेन नाहीतर उभी राहीन. आणि ऐक, माझ्या लेकीबद्दल बोललीस ते मी विसरलेली नाही."

"नकोच विसरू. मीही शब्द परत घेतलेला नाही."

रोलर सुरू झाला. घडीबाई हट्टानं जाऊन त्याच्यापाशी उभी राहिली. चादरीची वाफाळती कड बाहेर डोकावली, तशी खळबाईनं घडीबाईला कोपरानं ढकललं.

"सरक तिकडे. भाजशील."