खुराड्यातला गर्भदेव

"आज गर्भदेव कोंबड्यांच्या खुराड्यात. तिथे हात लावू नकोस."

सकाळी साडेसहाला सासूबाईंचा हा निरोप फोनवर आला. मला सहावा आठवडा होता. दिवस गेल्याचं कळल्यापासून हे रोजचंच झालं होतं: पंचांग उघडायचं आणि आज गर्भदेव कुठे बसलाय ते सुनेला कळवायचं. कधी चुलीपाशी, कधी पलंगाखाली, कधी दारात. तो बसलेला असेल तिथे खिळा ठोकायचा नाही, कात्री चालवायची नाही, नाहीतर पोटातल्या जिवाला तशीच खोट येते म्हणे. बिचाऱ्याला भाडं परवडत नसेल म्हणून रोज घर बदलतो, असं मी नवऱ्याला म्हणायचे. पण पलंग मात्र कधी हलवला नाही. आमचं पहिलं बाळ दहाव्या आठवड्यात गेलं होतं.

मी फोन लावला. "आई, पाचव्या मजल्यावर खुराडं कुठून आणू?"

"फाजीलपणा पुरे, आ-चेन. सांगितलं तेवढं ऐक." पेइ-चेनचं आ-चेन त्यांनीच केलं होतं.

मग मी ताइनानच्या विद्यापीठात कामावर गेले, उबवणीचं कपाट उघडलं, आणि ऊब तोंडावर आली तशी जागच्या जागी थिजले. आत चाळीस अंडी होती. नऊ वर्षं मी त्याला कपाट म्हणत होते.

आमचं काम असं. दोन दिवसांच्या अंड्याला खिडकी पाडायची. आत पिल्लाचा मज्जारज्जू म्हणजे केसाएवढी बारीक नळी असते. सुरुवातीला तिच्यातल्या सगळ्या पेशी सारख्याच दिसतात. मग खालून एक रस झिरपतो, वरून दुसरा. ज्या पेशीच्या वाट्याला जो जितका येईल तसं तिचं काम ठरतं: ही स्नायू हलवणार, ती चटका ओळखणार, आणखी एखादी डावीकडचा निरोप उजवीकडे पोचवणार. नळीत मानेकडे आहे की शेपटीकडे, यावर पंखाची की पायाची ते ठरतं. एकदा ठरलं की उचलून कुठेही ठेवा, ती बदलत नाही. त्या दिवशी मला पंखांकडचा तुकडा काढून पायांच्या जागी बसवायचा होता.

माझ्या पोटातही त्याच आठवड्यात हेच चाललं होतं. आणि हे मला पुस्तकात बघावं लागत नव्हतं.

"सर, उद्या केलं तर?" मी आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख येन सर यांना विचारलं.

"उद्या? अंडी काय तुझ्यासाठी थांबणारेत? उद्यापर्यंत सगळं पुढे गेलेलं असेल."

मी सुई उचलली. हात जराही कापला नाही, त्याचाच मला आजवर राग आहे.

एकोणीस दिवसांनी एकच पिल्लू बाहेर आलं. दिसायला अगदी गोजिरवाणं. पण त्याला चालता येईना. दोन्ही पाय एकदम पुढे, एकदम मागे. ते पायांनी उडायला बघत होतं. येन सरांनी टाळ्या वाजवल्या.

त्याची कोंबडी झाली तरी ती एकही पाऊल टाकू शकली नाही. नुसती उसळायची. मी आत शिरले की मान वळवून माझ्याकडे नाही, माझ्या पोटाकडे बघायची. भास म्हणा हवं तर.

पाचव्या महिन्यात सोनोग्राफी झाली. पडद्यावर बाळाने पाय झाडले. दोन्ही एकदम. थांबलं. पुन्हा दोन्ही एकदम.

"डॉक्टर, असं कसं मारतंय?"

"अहो, खेळतंय! सगळीच मारतात." डॉक्टर हसले.

सासूबाई हसल्या नाहीत. बाहेरच्या बाकावर मी त्यांना सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता माझी सालटी काढतील. त्यांनी एवढंच विचारलं, "जिवंत आहे ती?"

"आहे. उद्या कापायची आहे. आतल्या पेशी बघायच्यात."

"कापायची नाही! तिला काही झालं तर ह्याचं काय होईल, कुणाला ठाऊक? घरी घेऊन ये. मी पाळीन."

"आई, चोरी होईल ती."

"मग कर चोरी!"

दुसऱ्या दिवशी झाकणाची टोपली स्कूटरला अडकवून मी निघाले. वाटेत सिग्नलला थांबले तेव्हा लक्षात आलं, सात वाजल्यापासून बाळ हललेलंच नाही.

पिंजरा रिकामा होता. टेबलावरच्या बाटलीत पांढरा मज्जारज्जू तरंगत होता.

"मीच उरकून टाकलं," येन सर म्हणाले. "अशा दिवसांत तुला कशाला त्रास?"

"किती वाजता?"

"सातला. का गं?"

मी स्टुलावर बसले आणि दोन्ही हात पोटावर ठेवले. आठ वाजले, नऊ वाजले. गार पाणी प्यायले, गोड खाल्लं, फरशीवर कुशीवर निजून पाहिलं. काही नाही. अरे, मार ना लाथ, कशीही मार, दोन्ही एकदम मार, पण मार. दहा वाजता मी दवाखान्यात जायला उठले.

तेवढ्यात डावीकडे एक ठोसा बसला. मी श्वास रोखून उभी राहिले. मग उजवीकडे. पुन्हा डावीकडे.

मी मोठ्याने रडले. येन सर घाबरून आले. "पेइ-चेन, कोंबडीला एवढा जीव लावतात का?" खरं सांगते, तेव्हा मी तिच्यासाठीच रडत होते.

सासूबाईंना फोन केला. "आई, एकेक पाय मारतंय."

त्या म्हणाल्या, "तिने आपल्यावर घेतलं गं. आता तिच्यासाठी भात ठेव. नाव घेऊन ठेव हं, नाहीतर तिला कळायचं नाही, भात आपल्यासाठी आहे म्हणून."

आमच्या प्रयोगशाळेत कोंबड्यांना नावं नसतात. मी रिकाम्या पिंजऱ्यावरचं कार्ड वाचलं. त्यावर तारीख होती आणि एकच नाव होतं, शस्त्रक्रिया करणारीचं.

मी डब्यातला भात वाटीत काढला, पिंजऱ्यासमोर ठेवला, हात जोडले आणि माझं नाव घेतलं.